इंदूरमध्ये ग्राहक आयोगात तक्रार कशी करावी: बिलापासून वसुलीपर्यंत

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू झाला आणि त्याने 1986 च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. या बदलात सामान्य माणसाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काय, असे कोणी विचारले तर मी कलम 34 चे नाव घेईन. पूर्वी विक्रेता किंवा कंपनी जिथे असेल, अथवा तक्रारीचे कारण जिथे घडले असेल, तिथल्या ग्राहक मंचाकडेच (म्हणजे आताच्या आयोगाकडेच) जावे लागे. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा जिथे पोटापाण्याचा उद्योग करतो, त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. इंदूरच्या मराठी कुटुंबांना याचा विशेष उपयोग आहे, कारण आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांकडे पैसे भरणारे, तिकडच्या बिल्डरांकडे घर नोंदवणारे आणि मुलांनी तिकडून ऑनलाइन पाठवलेल्या वस्तू वापरणारे लोक पुष्कळ आहेत. लोकमान्य नगरात राहणाऱ्या माणसाने पुण्याच्या कंपनीविरुद्ध तक्रार करायची असली, तरी त्याला आता पुणे गाठण्याचे कारण नाही.

कायदा उदार आहे. त्याची अंमलबजावणी मात्र तक्रारदाराने रेटल्याशिवाय पुढे सरकत नाही. निरीक्षक दुकानोदुकानी फिरून तुमच्या वतीने दाद मागेल, अशी व्यवस्था आपल्या देशात नाही आणि नजीकच्या काळात होईल असेही दिसत नाही. तक्रारीचा निकाल बऱ्याच अंशी आयोगाची पायरी चढण्यापूर्वी जमवलेल्या कागदांवर ठरतो, आणि निकालाचे खरे मोल त्यानंतर वसुलीसाठी किती नेट लावला यावर ठरते. मधली सुनावणी लोकांना सर्वांत भीतिदायक वाटते. प्रत्यक्षात तोच भाग त्यातल्या त्यात सरळ असतो. म्हणून या लेखात पहिल्या आणि शेवटच्या टप्प्याला अधिक जागा दिली आहे.

आपण कायद्याच्या दृष्टीने ग्राहक आहोत का?

पैसे देऊन, किंवा देण्याचे कबूल करून, स्वतःच्या वापरासाठी वस्तू किंवा सेवा घेणारा तो ग्राहक. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू यात येत नाही. सियागंजातून पोत्यांनी माल उचलून आपल्या दुकानात विकणाऱ्याला त्या मालाबद्दल ग्राहक आयोगात जाता येणार नाही. त्याचा मार्ग दिवाणी न्यायालयाचा. मात्र केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्याने सूट दिली आहे. घरी पिको-फॉलचे काम करणाऱ्या बाईने घेतलेले शिलाई मशीन किंवा स्वतः चालवण्यासाठी घेतलेली एक रिक्षा, यांबद्दल तक्रार चालते. अशा वेळी तक्रारीतच स्पष्ट लिहावे की हे साधन मी स्वतः, उपजीविकेसाठी वापरतो. हे एक वाक्य राहून गेले तर विरुद्ध पक्षाचा पहिला आक्षेप तिथेच येतो.

सेवांच्या बाबतीत काही सीमा माहीत असलेल्या बऱ्या. पैसे घेऊन उपचार करणारे डॉक्टर आणि रुग्णालये कायद्याच्या कक्षेत आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केले. सर्वांवर मोफत उपचार करणारी रुग्णालये त्यातून वगळली. वकिलांच्या सेवेबद्दल ग्राहक आयोगात जाता येत नाही, असा निर्णय मे 2024 मध्ये आला. शाळा-महाविद्यालयांच्या शिक्षणाला आयोग सहसा सेवा मानत नाहीत, परंतु कोचिंग क्लासेसना ती सवलत नाही. राष्ट्रीय आयोगाने जानेवारी 2020 च्या निकालात कोचिंग संस्था कायद्याच्या कक्षेत असल्याचे सांगितले आहे. भंवरकुआं परिसरात मुलांची वर्षभराची फी एकरकमी भरून पहिल्या महिन्यातच पस्तावणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे. प्रवेश अर्जावर ‘फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ असे छापलेले असले, म्हणून विषय तिथेच संपत नाही. एकतर्फी, अन्याय्य करार ही या कायद्यातील स्वतंत्र संकल्पना आहे. फक्त अशा करारातील अटच रद्द करून हवी असेल तर अर्ज राज्य आयोगाकडे करावा लागतो.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीबद्दलही एक गैरसमज आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास 30 दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. मात्र घरी गेल्यावर साडीचा रंग आवडला नाही, एवढे कारण या तरतुदीला पुरत नाही. दोष हवा.

कागद

जेल रोडवर किंवा महाराणी रोडवर खरेदीला गेल्यावर पैसे देण्याच्या घटकेला हमखास कानावर पडणारे वाक्य असे असते: “भिया, पक्का बिल लोगे तो अठारह टका जीएसटी लगेगा.” भाव ठरवताना कर धरलेला नव्हता असे भासवून गिऱ्हाइकाला कच्च्या पर्चीवर राजी करण्याचा हा प्रकार आहे. आपण चार पैसे वाचवले असे त्या क्षणी वाटते. पुढे वस्तू बिघडली की दुकानदार ‘ही पर्ची आमची नाही’ म्हणायला मोकळा असतो आणि कंपनी वॉरंटी नाकारायला मोकळी असते. बिल न देणे हीदेखील नव्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा ठरवली आहे, त्यामुळे बिल मागणे हा हट्ट नव्हे, हक्क आहे. बिल मिळालेच नसेल तर यूपीआयचा व्यवहार क्रमांक, बँकेचे विवरण, दुकानदाराशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप संभाषण आणि वस्तूच्या खोक्यावरचा सिरियल नंबर यांवरून खरेदी सिद्ध करता येते, पण त्यात शक्ती जास्त खर्च होते.

सराफ्यात तर बिलाचे महत्त्व दुप्पट. सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्किंग जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आणि 1 एप्रिल 2023 पासून सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख) क्रमांक असलेलाच हॉलमार्क असलेला दागिना विकता येतो. दागिन्यावर बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि हा क्रमांक अशा तीन खुणा असतात. दुकानातच भिंगातून क्रमांक वाचून बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये टाकावा. तिथे दिसणारा दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता आपल्या हातातल्या वस्तूशी जुळते का ते पाहावे. अंगठीचा क्रमांक टाकल्यावर पडद्यावर पाटल्या आल्या तर तो सौदा तिथेच सोडावा. बिलात वजन, शुद्धता, त्या दिवसाचा भाव, घडणावळ आणि हॉलमार्किंग शुल्क वेगवेगळे लिहून घ्यावे. हॉलमार्क असूनही शुद्धता कमी निघाली, तर त्या वजनाच्या सोन्यावर कमी भरलेल्या शुद्धतेच्या फरकाची दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च देण्याची तरतूद बीआयएसच्या 2018 च्या नियमांत आहे. पण बिलावर शुद्धताच लिहिलेली नसेल तर फरक कशाच्या आधारे काढणार? पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीच्या सराफाकडे बिल मागायला आपल्या लोकांना संकोच वाटतो. तो संकोच महागात पडतो, एवढेच म्हणतो.

घरगुती उपकरणांच्या तक्रारींमध्ये सर्वांत उपयोगी कागद म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याची जॉबशीट, आणि नेमका तोच कागद बहुतेकांकडे नसतो. समजा, टिळक नगरातील एका कुटुंबाने 38,500 रुपयांना फ्रिज घेतला आणि चार महिन्यांत त्याचे थंड होणे तीनदा बंद पडले. प्रत्येक वेळी कंपनीचा माणूस आला, त्याने मागचे झाकण उघडले, काहीतरी केले, आणि जाताना मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला. तो ओटीपी दिला की कंपनीच्या संगणकावर तक्रार ‘ग्राहकाच्या समाधानाने बंद’ अशी नोंदली जाते. पुढे आयोगात कंपनी हीच नोंद छापून देते आणि म्हणते की तिन्ही वेळा फ्रिज दुरुस्त झाला, ग्राहकाने तशी संमती दिली. म्हणून वस्तू खरोखर चालू झाल्याची खात्री होईपर्यंत ओटीपी देऊ नये. फ्रिजसाठी किमान एक रात्र जाऊ द्यावी. माणूस घाई करत असेल तर जॉबशीटवर दोष काय आढळला, कोणता भाग बदलला आणि वस्तू तपासणीसाठी निरीक्षणाखाली ठेवली आहे, हे त्याच्याच अक्षरांत लिहून घ्यावे. ‘चेक्ड ओके’ एवढेच लिहिलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी आपला शेरा खाली जोडावा: ‘वस्तू अद्याप थंड करत नाही’, तारीख आणि वेळ. कागदाचा फोटो त्याच क्षणी काढावा आणि कंपनीच्या ईमेलवर पाठवून द्यावा, म्हणजे तारखेचा वाद राहत नाही.

फोनवरच्या संभाषणाचा पुरावा जवळजवळ शून्य असतो. कस्टमर केअरशी बोलणे झाले की लगेच दोन ओळींचा ईमेल करावा: ‘आज आपल्या प्रतिनिधीने अमुक तक्रार क्रमांक देऊन तमुक दिवसांत भाग बदलण्याचे सांगितले.’ त्यांनी उत्तर दिले नाही तरी आपले काम झालेले असते. व्हॉट्सअ‍ॅप संदेश किंवा सीसीटीव्ही चित्रण पुराव्यात द्यायचे असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीबद्दलचे प्रमाणपत्र जोडावे. ग्राहक आयोगाची कार्यपद्धती संक्षिप्त असली आणि पुराव्याच्या तांत्रिक नियमांचा तिथे काच कमी असला, तरी प्रमाणपत्रामुळे एक आक्षेप आधीच निकाली निघतो.

आयोगापूर्वी कोणाकडे जावे

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. ही हेल्पलाइन तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवते आणि कंपनीचे उत्तर तुम्हाला कळवते. परतावा अडकला, वस्तू बदलून मिळत नाही, अशा सरळ तक्रारी इथे बऱ्याचदा मिटतात, विशेषतः मोठ्या ऑनलाइन कंपन्यांच्या. मात्र हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, आणि तिच्याकडे तक्रार केल्याने आयोगाची मुदत थांबत नाही. ही मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. ‘पाहतो, करतो’ अशा उत्तरांत दीड वर्ष घालवून मग जागे झालेल्या लोकांची संख्या मोठी आहे. उशिराचे योग्य कारण दाखवल्यास आयोग विलंब माफ करू शकतो, पण आपण पत्रव्यवहार करत होतो हे कारण तिथे नेहमी चालेलच असे नाही.

ऑनलाइन खरेदीसाठी 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एक महिन्याच्या आत निवारण करायचे, असा नियम आहे. त्याचे नाव आणि ईमेल संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरांत असते. तिथे लिहिलेला एक ईमेल कस्टमर केअरच्या दहा चॅटपेक्षा अधिक वजनदार असतो. छापील कमाल किमतीपेक्षा जास्त पैसे घेणे किंवा मापात मारणे, हा विषय राज्याच्या नापतौल विभागाचा आहे आणि त्याची तक्रार मुख्यमंत्री हेल्पलाइन 181 वर नोंदवता येते. बँकेची तक्रार आधी बँकेकडे लेखी करून 30 दिवस वाट पाहावी, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. विम्याच्या दाव्यासाठी मध्य प्रदेशाचा विमा लोकपाल भोपाळला बसतो. तिथे वकील लागत नाही आणि फीही नाही. एकाच दाव्यासाठी आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाही, म्हणून आधी मार्ग निवडावा, मग चालू लागावे.

जाहिरात फसवी आहे, हजारो लोकांना एकाच पद्धतीने गंडवले जात आहे, अशी तक्रार असेल तर 2020 मध्ये स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. ते फसव्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. तो दंड सरकारजमा होतो. तुमची फी परत मिळवायची असेल तर आयोगातच जावे लागेल.

हे सर्व करून पदरी काही पडले नाही तर नोटीस पाठवावी. कायद्याने नोटीस सक्तीची केलेली नाही आणि ती वकिलानेच पाठवावी असेही नाही. तिचा उपयोग एवढाच, की विरुद्ध पक्षाला संधी दिली होती हे दाखवता येते आणि आपल्यालाही आपली मागणी एकदा नीट मांडून पाहता येते. मजकूर साधारण असा असावा आणि तो हिंदीत उतरवून पाठवावा:

“मी अमुक दिनांकास आपल्या दुकानातून बिल क्रमांक अमुक अन्वये 38,500 रुपयांस फ्रिज विकत घेतला. त्यानंतर अमुक, अमुक आणि अमुक दिनांकांस त्याचे थंड होणे बंद पडले व प्रत्येक वेळी आपल्या तंत्रज्ञाने दुरुस्तीचा प्रयत्न केला; जॉबशीटच्या प्रती सोबत आहेत. दोष दूर झालेला नाही. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत नवा फ्रिज द्यावा अथवा संपूर्ण किंमत परत करावी, अन्यथा मी जिल्हा आयोगात तक्रार दाखल करीन व त्याचा खर्च आपणाकडून मागेन.”

यात संताप, उपदेश किंवा बदनामीची धमकी घालू नये. पत्र दुकानदार आणि उत्पादक कंपनी या दोघांनाही पाठवावे. 2025 मध्ये रजिस्टर्ड डाक स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी आणि पोहोचल्याचा ट्रॅकिंग अहवाल आठवडाभरातच छापून ठेवावा, कारण काही काळाने तो संकेतस्थळावर दिसेनासा होतो.

तक्रार लिहिणे आणि दाखल करणे

वस्तू किंवा सेवेसाठी प्रत्यक्ष दिलेली किंमत पन्नास लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे, पन्नास लाख ते दोन कोटी असेल तर भोपाळच्या राज्य आयोगाकडे आणि त्याहून जास्त असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय आयोगाकडे जाते. इथे मोजायची ती दिलेली किंमत. मागितलेली नुकसानभरपाई नव्हे. हा निकष घटनेला धरून असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये मान्य केले आहे. त्यामुळे बहुतेक घरगुती प्रकरणे इंदूरच्या जिल्हा आयोगातच बसतात. पाच लाखांपर्यंतच्या किमतीला कोणतीही फी नाही. पाच ते दहा लाखांना 200 रुपये, दहा ते वीस लाखांना 400 आणि वीस ते पन्नास लाखांना 1,000 रुपये फी आहे.

आयोगाचे कामकाज हिंदीत चालते. पाटीवर ‘जिला उपभोक्ता विवाद प्रतितोषण आयोग’ असे लिहिलेले असते आणि कागदांत तक्रारदाराला परिवादी, समोरच्याला विपक्षी किंवा अनावेदक म्हणतात. मराठी कागद पुरावा म्हणून लावायचा असेल, उदाहरणार्थ पुण्याच्या सहल कंपनीचे मराठी माहितीपत्रक ज्यात ‘तीन तारांकित हॉटेल’ असे वचन दिले आहे, तर त्याचे हिंदी भाषांतर सोबत जोडावे. शांतपणे, ओळीला ओळ लावून केलेले भाषांतर पुरते. फक्त वचनाची वाक्ये गाळू नयेत.

तक्रारीत पहिल्यांदा पक्षकारांची नावे आणि पत्ते. इथे एक युक्ती उपयोगी पडते. दुकानाच्या पाटीवरचे नाव आणि कायदेशीर नाव वेगळे असू शकते. बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणीचे कायदेशीर नाव आणि पत्ता मिळतो. चुकीच्या नावाविरुद्ध मिळालेला आदेश वसुलीच्या वेळी कपाळावर हात मारायला लावतो. विक्रेता, उत्पादक आणि सेवा केंद्र या सर्वांना पक्षकार करावे, नाहीतर प्रत्येकजण जबाबदारी गैरहजर असलेल्यावर ढकलतो.

त्यानंतर घटनाक्रम तारीखवार, प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक, आणि प्रत्येक दाव्यापुढे तो सिद्ध करणाऱ्या कागदाचा क्रमांक. तीन-चार पानांत मावते. मग आयोगाचा अधिकार कसा पोहोचतो, म्हणजे तक्रारदार इंदूर जिल्ह्यात राहतो आणि किंमत पन्नास लाखांच्या आत आहे. तक्रार दोन वर्षांच्या मुदतीत आहे. हाच विषय अन्यत्र प्रलंबित नाही. शेवटी मागणी. कलम 39 नुसार आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत व्याजासह परत करण्याचा, नुकसानभरपाईचा आणि खर्चाचा आदेश देऊ शकतो. जे मागितलेले नाही ते सहसा मिळत नाही, म्हणून व्याज कोणत्या तारखेपासून आणि ‘प्रत्यक्ष रक्कम मिळेपर्यंत’ हे शब्द विसरू नयेत. मानसिक त्रासाच्या रकमेत संयम ठेवावा. साडेअडतीस हजारांच्या फ्रिजसाठी पाच लाखांचा मानसिक त्रास मागितला की वाचणाऱ्याचा बाकीच्या तक्रारीवरचाही विश्वास उडतो.

सोबत शपथपत्र, कागदांची यादी, ओळखपत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. तक्रार ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते; आधीची ई-दाखिल व्यवस्था 2025 पासून त्यात सामावली गेली. ऑनलाइन दाखल केल्यावरही आयोगाच्या कार्यालयाने त्रुटी काढल्या आहेत का, हे खात्यात जाऊन पाहत राहावे. त्रुटी पूर्ण न केल्यामुळे पडून राहिलेल्या तक्रारीबद्दल कोणी घरी कळवायला येत नाही. वकील बंधनकारक नाही. साध्या प्रकरणात स्वतः उभे राहण्यास हरकत नाही. वैद्यकीय निष्काळजीपणा, विमा आणि घराचा ताबा यांत मात्र अनुभवी वकील घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुनावणी

तक्रार स्वीकारायची की नाही हे साधारणपणे 21 दिवसांत ठरवायचे असते. स्वीकारल्यावर नोटीस जाते आणि विरुद्ध पक्षाने 30 दिवसांत, फार तर आणखी 15 दिवसांत, उत्तर द्यायचे असते. या 45 दिवसांपुढे मुदत वाढवता येत नाही, असा जुन्या कायद्यातील तशाच तरतुदीबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा मार्च 2020 चा निर्णय आहे. उत्तर उशिरा आले तर तोंडी नव्हे, लेखी आक्षेप घ्यावा. पुढचे कामकाज शपथपत्रे आणि कागदांवर चालते. दोष प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कळणार नसेल तर आयोग तसा नमुना पाठवतो आणि त्याची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. दोन्ही बाजू तयार असतील तर प्रकरण मध्यस्थीकडे जाते. छोट्या रकमेत हा मार्ग वाईट नाही, फक्त तडजोडीत पैसे देण्याची तारीख लिहून घ्यावी.

कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागल्यास पाच. प्रत्यक्षात तसे क्वचितच होते. आयोगांतील रिक्त पदांचा प्रश्न एवढा गंभीर झाला, की सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्वतःहून त्याची दखल घेतली. तेव्हा पेशी, म्हणजे सुनावणीची तारीख, पुढे गेली म्हणून खचू नये, पण गैरहजरही राहू नये. तक्रारदार न आल्यास तक्रार काढून टाकता येते आणि ती पुन्हा उभी करणे अवघड असते. म्हाताऱ्या माणसांनी दृक्‌श्राव्य सुनावणीसाठी अर्ज करावा. कलम 38 मध्ये तशी सोय आहे.

आदेश झाला, पुढे?

इथे बहुतेक लोक पेढे वाटतात आणि थांबतात. आदेशात विरुद्ध पक्षाला पैसे देण्यासाठी काही दिवस दिलेले असतात. ती मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन दुसऱ्या पक्षाला स्पीड पोस्टाने व ईमेलने पाठवावी, सोबत आपल्या बँक खात्याचा तपशील. ‘आम्हाला आदेश मिळालाच नाही’ ही सबब अशाने बंद होते.

विरुद्ध पक्षाला 45 दिवसांत भोपाळच्या राज्य आयोगात अपील करता येते, परंतु त्यासाठी आदेशातील रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ही अट तक्रारदाराच्या फार हिताची आहे, कारण नुसता वेळ काढण्यासाठी अपील करणाऱ्याचे पैसे त्यात अडकतात. अपील दाखल झाले म्हणजे आदेशाला स्थगिती मिळाली असे नाही. स्थगितीचा वेगळा आदेश दाखवा, असे विचारावे. भोपाळला स्वतः जाणे शक्य नसेल तर तिथे वकील द्यावा, पण अपील दुर्लक्षित ठेवू नये. आपल्या अनुपस्थितीत खालचा आदेश फिरू शकतो.

मुदत संपली, स्थगिती नाही आणि पैसेही नाहीत, तर जिल्हा आयोगातच अंमलबजावणीचा अर्ज करावा. यासाठी दोन कलमे आहेत आणि त्यांचा फरक समजून घेण्यासारखा आहे. कलम 71 खाली आयोग आपला आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अमलात आणतो: बँक खाते गोठवणे, मालमत्ता जप्त करणे वगैरे. कलम 72 खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंचवीस हजारांपासून एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पैसे हवे असतील तर कलम 71 चा अर्ज आधी. समोरचा जाणूनबुजून टाळतो आहे असे दिसले की 72 चा. अटकेच्या वॉरंटच्या भीतीने स्थानिक दुकानदार लवकर हलतात, हे खरे. दूरच्या कंपनीवर मात्र वॉरंट बजावण्यात पोलिसांची चालढकल फार होते आणि तिथे खाते गोठवण्याचा मार्ग अधिक परिणामकारक ठरतो.

खाते गोठवायचे तर ते कोणते, हे तक्रारदारानेच सांगावे लागते. आयोग शोध घेत बसत नाही. पुन्हा ते जुने बिल काढावे: पुष्कळ दुकानांच्या पक्क्या बिलांच्या तळाशी आरटीजीएससाठी बँकेचे नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी छापलेले असते. बिलावर नसेल तर यूपीआयने पैसे कोणत्या नावाने जमा झाले ते आपल्या बँकेच्या विवरणात सापडते. कंपनी असेल तर संचालकांची नावे आणि नोंदणीकृत पत्ता कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. अर्जात हिशेबाचा तक्ता द्यावा: मूळ रक्कम, आदेशातील दराने आजपर्यंतचे व्याज, नुकसानभरपाई, खर्च, आणि आधी काही मिळाले असल्यास त्याची वजावट. हिशेब न दिल्याने एक पेशी हमखास वाया जाते.

या टप्प्यावर बऱ्याचदा दुकानदाराचा फोन येतो. ‘काका, कशाला कोर्टाच्या चकरा, तीस हजारांत मिटवू.’ मिटवायचे की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. साठी ओलांडलेल्या माणसाने आणखी वर्षभर पेश्या करण्यापेक्षा कमी रक्कम घेतली तर त्यात कमीपणा नाही. परंतु पैसे खात्यात जमा होण्यापूर्वी ‘सर्व रक्कम मिळाली, तक्रार उरली नाही’ अशा कागदावर सही करू नये आणि पुढच्या तारखेचा धनादेश घेऊन अंमलबजावणीचा अर्ज मागे घेऊ नये. तडजोड आयोगासमोर नोंदवून घ्यावी, म्हणजे ती मोडली तर तिचीही वसुली होते. विरुद्ध पक्षाने रक्कम डिमांड ड्राफ्टने आयोगातच जमा केली असेल, तर ती काढण्यासाठी ओळखपत्र आणि पासबुकाच्या पहिल्या पानाच्या प्रतीसह वेगळा अर्ज द्यावा लागतो. रक्कम हाती आल्यावर ती आपल्या तक्त्याशी ताडून पाहावी. आदेशाच्या तारखेनंतरचे व्याज बहुधा तिथेच कमी भरलेले आढळते, आणि तेवढ्या फरकासाठी तोच अंमलबजावणी अर्ज पुढे चालू ठेवता येतो.